विसर्गाच्या बातमीतलं गाव

पावसाळ्यात आम्हा मराठवाड्यातल्या बायकांच्या कानांवर एक गाव हटकून येतं : नांदूर मधमेश्वर. "नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग", अशी बातमी आली की घरातली पुरुषमंडळी आकडे लावीत बसतात आणि आपण मनातल्या मनात पाण्याची पिंपं मोजतो. पैठणचं धरण भरून दारं उघडली, की पाणी पुढं आमच्या नांदेडच्या विष्णुपुरीला येतं. तेव्हा गाव न पाहताच ओळखीचं. ते पाखरांचं गाव आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात नाशिकला नणंदेकडे गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला तर हे म्हणाले, "मधमेश्वरला जाऊ या." सासूबाईंना वाटलं, देवदर्शन. त्यांनी लगेच नणंदेच्या देव्हाऱ्यातलं आठ दिवसांचं निर्माल्य पिशवीत भरून घेतलं, गंगेत सोडायला. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) पाखरं बघायला चाललोय, हे त्यांना गाडीत बसल्यावर सांगितलं. "पाखरं आपल्या अंगणात येत नाहीत का?" एवढंच त्या बोलल्या.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, बंधारा घातला. हेतू पाटाच्या पाण्याचा. पण नद्या दरवर्षी गाळ आणीत गेल्या, तो बंधाऱ्यामागं साचत गेला, आणि खोल पाण्याच्या जागी उथळ तळी, बेटं, पाणगवत असं सगळं तयार झालं. शेतकऱ्याच्या हिशेबानं तलाव बिघडला, पाखरांच्या हिशेबानं पंगतीची सोय झाली. १९८६ साली इथं अभयारण्य झालं. पाणथळ जागा राखण्यासाठी १९७१ साली इराणातल्या रामसर गावी देशादेशांचा करार झाला होता. त्या यादीत महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून नांदूर मधमेश्वरचं नाव २०२० साली जाहीर झालं.

चापडगावला तिकीट काढलं, भाड्यानं दुर्बीण घेतली, गावातलाच एक मुलगा वाटाड्या म्हणून आला. मी हौसेनं राणी रंगाची साडी नेसले होते. त्यानं मला नम्रपणे सगळ्यांच्या मागं चालायला सांगितलं! तेव्हा मैत्रिणींनो, जाल तर मातकट नाहीतर हिरवट रंगाचं काही नेसा, चपलेऐवजी बूट घाला, आणि चहाचा थर्मास घरूनच न्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, आणि जायचं ते सकाळीच.

पाण्याच्या कडेकडेनं पायवाट आहे, मधे मनोरे आहेत. पहिल्या मनोऱ्यावरून धुकं विरळ होताना पाहिलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला नाही. रागच आला. माझं माहेर लातूरचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी पाच लाख लिटर. तेव्हा माझी आई तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळायची आणि तेच पाणी पुढं तुळशीला घालायची. आणि इथं एवढं पाणी बदकांना?

मी हे बोलून गेले. वाटाड्या म्हणाला, "ताई, हे अडवून ठेवलेलं नाही. गुडघाभर तर आहे बरंच ठिकाणी. पुरात सगळं तुमच्याकडंच जातं की!" मग त्यानं दुर्बीण माझ्या हाती दिली. काटकुळ्या तांबड्या पायांचा शेकाट्या उथळात उभा राहून टिपत होता. चमच्या नावाचा पांढरा पक्षी चोच अर्धवट उघडी ठेवून पाणी डावी-उजवीकडे घुसळत होता, अगदी आपण कढी ढवळतो तसं. थापट्या बदकं पसरट चोचीनं वरचंवरचं गाळून घेत होती, वारकरी बुडी मारून खालचं काढीत होते. पाणी वीतभर वाढलं तरी शेकाट्यांच्या पंगतीतल्या पुष्कळांना उठावं लागेल. घरात चार तोंडांच्या चार तऱ्हा सांभाळणाऱ्या बाईला हे निराळं समजावून सांगायला नको. राग गेला असं नाही म्हणत. पण मघापेक्षा कमी झाला.

सासूबाई मात्र एका जागी खिळल्या होत्या. भगव्या रंगाची दोन मोठी बदकं बेटावर बसली होती. "चक्रवाक," वाटाड्या म्हणाला, "लडाख-तिबेटाकडून येतात हिवाळ्यात." त्या म्हणाल्या, "गोष्टीतले? रात्री ताटातूट होते ते? मला वाटायचं ते नुसतं पुराणातच असतात." सासरे जाऊन तीन वर्षं झाली. नांदेडच्या गोवर्धन घाटावर त्या त्यानंतर एकदाही गेलेल्या नाहीत. दुर्बीण त्यांनी बराच वेळ परत दिली नाही, आणि ह्यांनीही मागितली नाही.

परतताना पाण्याजवळ त्यांनी पिशवीची गाठ सोडली. कडेला जलपर्णीत एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती, तिच्याशेजारी जांभळी पाणकोंबडी चिखल उकरत होती. त्या क्षणभर थांबल्या, आणि गाठ पुन्हा मारली.

संध्याकाळी नाशिकला त्यांनी सगळी फुलं गच्चीतल्या कुंडीत मातीआड केली. नणंदेनं विचारलं, "आई, गंगेत नाही सोडलीस?"

"जागाच नव्हती बाई," त्या म्हणाल्या, "पाखरं बसली होती."