मधपेटी घेण्यापूर्वी

रावपुऱ्यासारख्या दाट वस्तीतील मनुष्याने मधमाश्या पाळण्याची इच्छा धरावी, ह्यात हसण्याजोगे काही नाही. मात्र अशा हौशी गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा पेटीच्या किमतीविषयी असतो. आमच्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. माशीची ओळख होण्यापूर्वीच जो साठविलेला पैसा पेट्यांत घालतो, त्याच्या पदरी पुष्कळदा नुसत्या पेट्याच उरतात. माश्या केव्हाच उडून गेलेल्या असतात.

उंच इमारतीच्या छज्जाखाली परातीएवढे एकच पोळे लोंबते, ते आग्यामाशीचे. ती मोकळ्यावर राहते, ऋतुमानाप्रमाणे स्थळ बदलते आणि पेटीत नांदत नाही. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरीही तशीच. पेटीत राहतात त्या दोन जाती: अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी आपली सातेरी, आणि युरोपातून आणलेली मेलीफेरा. हिचा आपल्या देशात १९६२ साली हिमाचलातील नगरोटा येथे प्रथम जम बसला.

आजच्या पेटीचे मूळ एका धर्मोपदेशकाच्या निरीक्षणात आहे. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ ह्यांनी १८५१ साली असे हेरले की, दोन पोळ्यांमध्ये सुमारे ३/८ इंच वाट मोकळी ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवीत नाहीत. त्यामुळे चौकटी सुट्या काढता येऊ लागल्या आणि पोळे न मोडता आत पाहणे शक्य झाले. सातेरीचे अंग लहान. तिच्या मापाची छोटी पेटी १९१० च्या सुमारास तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी बनविली व खेड्यांतील लोकांस तिचा उपयोग शिकविला. ती पेटी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पेटी उघडताना दारासमोर उभे राहू नये, बाजूस राहावे. धुराड्यातून थोडा थंड धूर द्यावा. धुरामुळे माश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि सौम्य होतात. नवशिक्याने राणी दिसलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. खालच्या कोठीतील घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी उभी दिसली, म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी तेथे होती, एवढे पुरेसे आहे. मेलीफेरा जातीत अंड्यापासून राणी सोळा दिवसांत, कामकरी एकवीस दिवसांत आणि नर चोवीस दिवसांत बाहेर पडतो. एवढे तीन आकडे ज्यास पाठ आहेत, त्यास पेटीत पुढे काय घडणार ते आधीच कळू लागते.

डंख झाल्यास नांगी नखाने तत्काळ खरवडून काढावी. अंगभर गांधी उठल्या वा श्वास कोंडला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ह्यास्तव, ज्या गल्लीत मुले खेळतात व वृद्ध ओट्यावर बसतात, तेथे पेटी ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पादऱ्याकडील भाजीपाल्याच्या मळ्यांत एखाद्या परिचित शेतकऱ्याकडे जागा मागावी. भोपळा, काकडी ह्यांची नर व मादी फुले निराळी असतात. माशी आली तर मालकाचाच लाभ. कीटकनाशकाची फवारणी केव्हा होणार, हे मात्र त्याच्याशी आधी ठरवून घ्यावे. बडोद्याच्या उन्हाळ्यात दाट सावली आणि जवळ पाणी हवेच. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

मधाविषयी थोडकेच सांगतो. वरच्या कोठीतील घरे मेणाने बंद झाली, म्हणजेच मध पिकला. तो मधयंत्राने काढावा, पोळे पिळू नये. खालच्या कोठीतील मध माश्यांचा आहे. पहिल्या वर्षी कदाचित काहीच हाती लागणार नाही. उलट पावसाळ्यात साखरेचा पाक आपणांसच पुरवावा लागेल.

शिकण्यासाठी महाबळेश्वरचे मध संचालनालय आहे, तसेच पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथे एकदा जाऊन मधपाळांचे हात कसे चालतात ते पाहावे.

इतके झाल्यावर पेटी घ्यावी. पण एक घेऊ नये, आणि कर्ज काढून दहाही घेऊ नयेत. दोन घ्याव्यात. एकीतील राणी गेली, तर दुसरीतील अंड्यांची एक चौकट तीत ठेवता येते, आणि त्या अंड्यांतून माश्या आपली नवी राणी स्वतःच वाढवितात.