शहराची तहान आणि पवनारची नदी

पवनार म्हटले की बहुतेकांना विनोबांचा आश्रम आठवतो. आपल्या वडीलधाऱ्यांना हेही आठवेल की कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकलेले विनोबा धाम नदीच्या याच काठावर राहिले आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी इथेच वारले. पण या गावाची ओळख त्याहून फार जुनी आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे इतिहासकार वा. वि. मिराशी यांचे मत होते. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारला पवनारचेच नाव होते; 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे. एके काळचे शहर आज गाव आहे. नदी मात्र अजूनही एका शहराला पाणी पाजते. ते शहर म्हणजे आठ-दहा किलोमीटरवरचे वर्धा.

वर महाकाळीच्या धरणातून पाणी धामच्या पात्रात सोडतात. ते वाहत खाली येते, आणि येळाकेळी व पवनार इथून उचलून वर्ध्याकडे नेतात. म्हणजे नदी हीच शहराची मोठी पाइपलाइन झाली. फरक इतकाच की लोखंडी पाइपात कुणी कचरा टाकत नाही. पात्रातले पाणी वाटेत काही जिरते, काही उन्हाने उडते, काही मोटारी ओढतात, आणि काठच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात मिसळते. गणेशोत्सवात आणि नवरात्रात वर्ध्याच्या मूर्ती विसर्जनासाठी पवनारला येतात. इथे दुसऱ्याच्या सणाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. ताजिये थंडे करायला आपल्यातलेही लोक नदी-तलावच शोधतात, आणि चमकी, रंगीत कागद, प्लास्टिक त्यांच्यातही असते.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना लिटर-घनमीटरची उदाहरणे घालतो. एक उदाहरण घरच्यांनीही सोडवावे असे आहे. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावातल्या माणसाला रोज 55 लिटर पाणी धरले आहे. भुयारी गटार असलेल्या शहरातल्या माणसाला सरकारी मापाप्रमाणे 135 लिटर. पाच जणांचे घर घ्या. गावात 275 लिटर, म्हणजे दोनशे लिटरचा एक ड्रम आणि वर पाच बादल्या. शहरात 675 लिटर, म्हणजे तीन ड्रम आणि वर त्याच पाच बादल्या. नदीच्या काठावर राहणाऱ्याला एक ड्रम आणि नदीपासून दूर राहणाऱ्याला तीन, हे गणित मुलांना समजावताना आमचीच पंचाईत होते. शहराला संडास-गटारासाठी जास्त पाणी लागते हे कारण खरे आहे. पण गावातही आता घरोघरी संडास आहेत. पाणी भरणाऱ्या बाईला ते वेगळे सांगायला नको.

आणि शहर थांबणारे नाही. वर्ध्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच लाखावर गेली होती. समृद्धी महामार्गावरून वर्ध्याला उतरायचे ते येळाकेळीला. जिथून पाणी उचलायचे तिथेच आता मोटारी उतरतात. रस्ता आला की प्लॉट पडतात, प्लॉट पडले की बोअर खणले जातात. हे चित्र आपल्याकडचेच नाही. जकार्तात नळाचे पाणी सगळ्यांपर्यंत पोहोचले नाही, लोकांनी जमिनीखालचे उपसले आणि शहर खचत गेले. 2019 मध्ये इंडोनेशियाने राजधानीच हलवण्याचे जाहीर केले. त्याच साली जुलैत आपल्या नागपूरला, पेंचची धरणे आटल्याने, एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले.

सिंगापूरचे उदाहरण मात्र वेगळे आहे. ते शेजारच्या मलेशियाकडून, जोहोर राज्यातून, पाणी घेते. 1962 चा करार आहे, मुदत 2061 पर्यंत. भाव लिहिलेला आहे, आणि शुद्ध केलेल्या पाण्यातला काही वाटा जोहोरला परत मिळेल हेही लिहिलेले आहे. भावावरून दोघांत कुरबुर चालते, पण ती कागदावरच्या आकड्यावरून. दोन वेगळ्या देशांना जमते ते एका जिल्ह्यातल्या शहराला आणि गावाला का जमू नये?

तशी जागा कायद्याने केलेली आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा नियोजन समिती दिली. पंचायती आणि नगरपालिका यांच्यातले सामाईक प्रश्न विचारात घेऊन आराखडा करणे हे तिचे काम, आणि घटनेच्या कलम 243 झेडडीमध्ये पाण्याच्या वाटणीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. प्रत्यक्षात या समितीच्या बातम्या येतात त्या निधी किती मंजूर आणि किती खर्च एवढ्याच. त्यात समितीचे निदान चार-पंचमांश सदस्य लोकांनी निवडून दिलेल्यांमधून यायचे असतात. 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांत आणि नगरपालिकांत कित्येक वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक बसले. मग पाण्याची बाजू मांडणार कोण? आमच्या मते शहरांच्या पाणीप्रश्नाची खरी गाठ इथे आहे. नवी टाकी, नवी पाइपलाइन यांना पैसा मिळतो, फोटो निघतो. नदी राखणे मात्र कुणा एकाच्या टेबलावर येत नाही. धरण एका खात्याचे, घाट गावाचा, पंप शहराचा.

घरात काय करावे हे आपल्याला ठाऊक आहे. वाहत्या नदीवर बसूनही वुजूत पाणी उधळू नये, ही शिकवण लहानपणीच मिळते. मस्जिदीत वुजूच्या नळांचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात मुरवणे फार खर्चाचे नाही, आणि ते पाणी मळकेही नसते.

घराबाहेरचे काम आपल्याकडून राहून जाते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा आपल्याला माहीत असतात. त्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, हे फार थोड्या घरांत माहीत आहे. तिथे आपल्या बायका क्वचितच दिसतात. पुढच्या सभेला अम्मी, भाभी, फुफी यांनी एक कागद घेऊन जावे. त्यावर तीनच प्रश्न लिहावेत. आपल्या गावच्या नदीतून रोज किती पाणी उचलले जाते? त्या बदल्यात काठच्या गावाला काय मिळते? आणि घाटाच्या सफाईचा खर्च कोण देते, गाव की शहर? उत्तर नसेल तर ठराव करून तो जिल्हा नियोजन समितीकडे पाठवायला सांगावे, आणि त्याची नक्कल मागून घ्यावी.