आधी तब्येत, मग ताकद : टर्बो गाडीचा हिशेब

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून मिरजेला आला, तो खिशात एक कागद घेऊनच. चहा होतो न होतो तोच त्याने तो माझ्यापुढे ठेवला. "मामू, जरा बघून सांगा. सगळं जमतंय का?"

कागदावर यादी होती. मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट, नवीन मॅप. खाली बेरीज. दोन वर्षे नोकरी करून जमवलेली त्याची सगळी बचत त्या बेरजेत जात होती. गाडी होती जुनी विकत घेतलेली पोलो जीटी टीएसआय. याच गाडीतून तो दर महिन्याला अम्मीला तपासणीसाठी नेतो आणि धाकट्या बहिणीला वसतिगृहातून आणतो.

तीस वर्षे गॅरेज चालवल्यावर एक गोष्ट कळते. तरुणाला नुसते 'नको' म्हटले, की तो दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो. म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणालो, "बस. यादी उलटीकडून वाचू." त्या दुपारी आम्ही जे बोललो, ते इतर घरांतही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहे.

टर्बो काय करतो?

सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूने एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेला पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड बुखी या अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. आजच्या लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

पण हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असलेली हवा दुप्पट दाबापर्यंत नेली, तर टर्बोतून निघताना ती साधारण १२० अंशांपर्यंत जाते. तापलेल्या, दाबलेल्या हवेत पेट्रोल प्लगची ठिणगी पसरण्याआधीच जागोजागी भडकते. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. टर्बो इंजिनाचा खरा शत्रू हाच.

साठ वर्षांपूर्वीचा धडा

अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबाइल कंपनीने जेटफायर नावाची टर्बो मोटार बाजारात आणली. इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १, म्हणजे टर्बोसाठी फारच जास्त. नॉकिंग टाळायला कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली. त्याची वेगळी टाकी होती. ती संपली की टर्बोचा दाब आपोआप कमी व्हायचा. अनेक मालक टाकी भरायला विसरायचे आणि मग गाडीत दम नाही अशी तक्रार करायचे. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. पुढे कितीतरी गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला.

टर्बो वाईट नव्हता. त्याला सांभाळणारी व्यवस्था रोजच्या वापरात टिकली नाही. भाच्याच्या कागदातही नेमकी हीच उणीव होती. दाब वाढवणाऱ्या वस्तू होत्या, दाब सोसणाऱ्या नव्हत्या.

सगळ्यांत कमजोर कडी कोणती?

ही पोलो पुण्याजवळ चाकणला बनायची. जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि तोही १५०० फेऱ्यांपासून. कॉम्प्रेशन १० ला १. गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा, सात गिअरचा, ऑटोमॅटिक.

त्या गिअरबॉक्सची क्षमता आहे २५० न्यूटन मीटर. म्हणजे इंजिनाने काहीही दिले तरी क्लच त्यापुढे जायला बनलेलाच नाही. मी भाच्याला विचारले, "मोठ्या टर्बोने टॉर्क २८० झाला, तर वरचे ३० कुठे जाणार?" तो गप्प झाला. ते क्लच घासण्यात जाणार. आणि त्या क्लचचा खर्च यादीत कुठेच नव्हता.

म्हणून पहिला नियम असा : किती ताकद हवी ते आधी ठरवा आणि तो आकडा सगळ्यांत कमजोर भागाच्या आत ठेवा. मग एकेक वस्तू त्या आकड्याला तपासून घ्या. ढोबळ हिशेब सोपा आहे. पेट्रोल इंजिनाला दर १०० अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण साडेचार किलो हवा लागते. १५० अश्वशक्ती हवी तर पावणेसात किलो हवा आणि पूर्ण जोरात मिनिटाला अर्ध्या किलोहून जास्त पेट्रोल. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यासाठीचा जास्त दाबाचा पंप तेवढे पेट्रोल देऊ शकतो का, हे न पाहता टर्बो घेणे म्हणजे पाहुणे बोलावून पीठच न मळणे.

यादीतली एकेक वस्तू

टर्बो : मोठा टर्बो उशिरा जागा होतो. शर्यतीच्या मैदानावर चालेल, पण खंबाटकी घाटात ट्रकमागून निघताना पाय दाबावा आणि गाडीने दोन क्षण विचार करावा, हे धोक्याचे. टर्बो बनवणारे प्रत्येक मॉडेलचा आलेख देतात. त्यात हवेचे प्रमाण आणि दाब यांची सांगड असते. आपला आकडा त्या आलेखाच्या मधल्या भागात यायला हवा, कडेला नको.

इंटरकूलर : या इंजिनाचा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. बंपरमागे मोठी जाळी लावायची तर सगळी नळजोडणीच बदलावी लागते. त्याआधी मूळ व्यवस्थेतले पाणी, पंप आणि समोरचा छोटा रेडिएटर धड आहे का ते पाहावे.

पिस्टन आणि रॉड : कंपनीचे पिस्टन ओतीव असतात. ठोकून घडवलेले म्हणजे फोर्ज्ड पिस्टन जास्त मार सोसतात. पण ते तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून बोअरमध्ये जास्त फट ठेवावी लागते आणि थंड इंजिन थोडे खडखडते. लेथवाल्याने 'नेहमीच्या मापाने' बोअर केले तर महागडा पिस्टन चिकटून बसतो. रिंगच्या टोकांमधली फटही दाबानुसार वाढवावी लागते. नाही तर तापल्यावर टोके एकमेकांवर आदळतात आणि पिस्टनची कड तुटते. माप पिस्टनसोबत आलेल्या कागदाचेच घ्यावे, मिस्त्रीच्या आठवणीतले नाही.

प्लग : दाब वाढला की ठिणगी विझू पाहते, म्हणून प्लगची फट कमी ठेवतात आणि थंड प्रकारचा प्लग घेतात. सगळ्यांत स्वस्त वस्तू, आणि बहुतेक वेळा विसरली जाणारी.

मॅप म्हणजे जादू नव्हे

लॅपटॉप लावून अर्ध्या तासात ताकद वाढवून देणारे बरेच आहेत. मॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकाला दिलेली सूचना : किती दाब, किती पेट्रोल, ठिणगी केव्हा. चांगला माणूस गाडी डायनोवर चढवतो, नॉकिंग आणि हवेचे तापमान पाहत थोडे थोडे वाढवतो आणि आधीचा व नंतरचा आलेख हातात देतो. वाईट माणूस दुसऱ्या देशातल्या गाडीची तयार फाइल ओततो. तिथे पेट्रोल ९५ किंवा ९८ ऑक्टेनचे, आपल्याकडे साध्या पंपावर ९१ चे मिळायचे. शिवाय आता इथेनॉलचे प्रमाणही वाढले आहे. जुन्या गाडीला ते किती चालते हे पुस्तिकेत पाहावे.

आणखी एक गोष्ट. 'साहेब, १८०० फेऱ्यांवरच अडीचशे टॉर्क देतो,' असे कोणी सांगितले तर खूश होऊ नका. लहान टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला, की ठिणगीआधीच पेट्रोल भडकू शकते. त्यात रॉड वाकतात. जाणता ट्यूनर खालच्या फेऱ्यांवर मुद्दाम हात आखडता घेतो. आणि डिसेंबरच्या रात्री केलेला मॅप मे महिन्याच्या दुपारी तपासलेला नसेल, तर तो अर्धाच झाला समजा.

माझ्या गॅरेजमध्ये एक तरुण अशीच गाडी टो करून घेऊन आला होता. तीन आठवड्यांपूर्वी दाब वाढवला होता. हेड उघडले, तर एका पिस्टनची रिंगांमधली कड तुटून खाली पडलेली. त्याने मला विचारले, "चाचा, काही आवाज आला नाही, मग तुटलं कसं?" आवाज आला असणार. मोकळ्या एक्झॉस्टमध्ये तो ऐकू गेला नव्हता.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर प्रदूषण चाचणीतही अडकाल. विमा कंपनीला न सांगता बदल केला आणि अपघात झाला, तर दाव्याचा वाद उभा राहतो. शर्यतीची हौस असेल तर कोइम्बतूर आणि चेन्नईजवळ ट्रॅक आहेत. तिथली गाडी वेगळी आणि घरची वेगळी, असेच ठेवावे.

मग आम्ही काय केले?

आधी कॉम्प्रेशन तपासले. चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. सकाळी थंड इंजिन सुरू करून टायमिंग चेनचा आवाज ऐकला. इनटेक व्हॉल्व्हवर काजळी थापलेली होती. थेट फवारणीच्या इंजिनात व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत. ती साफ केली. प्लग, कूलंट आणि पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल बदलले. टायर पाच वर्षांचे होते, ते नवे घेतले. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलही बदलले.

पुण्याला पोहोचल्यावर भाच्याचा फोन आला. "मामू, गाडी वेगळीच चालतेय. घाटात कुठेच अडखळली नाही. काय वाढवलं तुम्ही?"

मी म्हणालो, "काहीच नाही. कंपनीने दिलेले १०५ परत मिळवले."

बचतीतले निम्म्याहून जास्त पैसे शिल्लक आहेत. यादीचा कागद अजून त्याच्याजवळ आहे आणि मी तो फाडायला सांगितलेला नाही. हौस वाईट नसते. फक्त आता त्या कागदावर प्रत्येक वस्तूपुढे त्याने स्वतःच्या हाताने एक प्रश्न लिहिला आहे : 'हे सोसणार कोण?'

आपल्या घरातला मुलगा असा कागद घेऊन आला, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला एवढेच विचारा.