डोळ्यांना न दिसणारा गुण

दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. जुळी होतात, पण क्वचित. फलटण, माण, खटाव या पट्ट्यातल्या धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढे राखले ते अंगानं मोठे, पायानं भक्कम आणि दुष्काळ सोसणारे. मेंढीला किती कोकरं होतात याकडे निवडीत कुणी फारसं पाहिलं नाही, आणि त्यात शहाणपण होतं. या मुलखात पाऊस कमी, चारा तुटपुंजा. पाऊसकाळ सरला की धनगरांचे वाडे वाटेला लागतात. रोज नवं रान, रोज नव्या जागी जाळीची वाघर. अशा चालत्या कळपातल्या मेंढीला दूध असतं ते एका कोकरापुरतं. दुसरं कोकरू झालं तर ते उपाशी राहायचं, नाहीतर पहिल्याच्या तोंडचं काढायचं.

पुढे मेंढपाळाचा जमाखर्च बदलला. जाड्याभरड्या दख्खनी लोकरीला भाव उरला नाही. कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही. शेतात मेंढरं बसवली की धान्य किंवा पैसे मिळतात, पण घर चालतं ते कोकरं विकून. गायरानं आक्रसली, पडीक रानं ऊस आणि प्लॉटिंगखाली गेली, त्यामुळे कळप वाढवायला जागा राहिली नाही. आहेत तेवढ्याच मेंढ्यांवर उत्पन्न वाढवायचं, तर जास्त कोकरं जन्मली आणि जगली पाहिजेत.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे ‘नारी’नं, हा प्रश्न हाती घेतला आणि दशकांनुदशकं सोडला नाही. कृषी शिक्षण, नवं तंत्र आणि ग्रामीण उद्योजकता यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. योजना निघतात, अभ्यासक्रमांची नावं बदलतात. शेतीत उच्च शिक्षण घेतलेला माणूस गावाला नेमका कुठे उपयोगी पडतो, याचं उत्तर मात्र मला या मेंढीच्या गोष्टीत जितकं स्पष्ट सापडलं तितकं कुठल्याच अहवालात सापडलं नाही.

बंगालच्या खाडीतून माणदेशाच्या कडेला

बनबिहारी विष्णू निंबकर अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, फलटणला स्थायिक झाले आणि १९६८ साली त्यांनी ही संस्था काढली. मराठी वाचकाला हे घर साहित्यामुळेही माहीत आहे. लेखिका जाई निंबकर त्यांच्या पत्नी, इरावती कर्वे यांच्या कन्या. बियाण्यांचा व्यवसाय, करडईचं संशोधन आणि शेळ्यामेंढ्यांची पैदास ही कामं निंबकरांनी एका तालुक्याच्या गावात बसून केली. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये ते गेले.

जुळ्यांचा गुण शोधताना संस्थेची नजर गेली पश्चिम बंगालच्या सुंदरबनातल्या गारोल मेंढीकडे. ही मेंढी अगदी ठेंगणी, दहा-पंधरा किलो वजनाची. दलदलीत, दमट हवेत ती निभावते आणि तिला जुळी-तिळी सर्रास होतात. या लहानग्या जनावरानं जगाचा एक मोठा प्रवास केलेला आहे. १७९०च्या दशकात बंगालहून काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समधल्या ‘बुरुला’ नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या भराभर जुळी-तिळी देताना दिसल्या आणि शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे गेलं. १९८०च्या सुमारास असा निष्कर्ष पुढे आला, की हे सगळं एका मोठ्या जनुकामुळे घडत असावं. त्याला ‘फेक-बी’ हे नाव मिळालं. २००१ मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी त्या जनुकातला नेमका बदल शोधून काढला, आणि लगेचच गारोल मेंढीतही तोच बदल असल्याचं सिद्ध झालं. ऑस्ट्रेलियानं नावाजलेला गुण मुळात आपल्याकडचा, सुंदरबनच्या चिखलातला होता.

हा जनुक मेंढीच्या बीजांडकोशावर काम करतो. एका माजात एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजं पक्व होतात, म्हणून जुळी होतात. जनुकाची एक प्रत असली तरी परिणाम दिसतो. मेंढ्याच्या अंगी मात्र त्याची कोणतीही खूण नसते. शिंगं, लोकर, चाल, उंची यांत फरक पडत नाही. उत्तम मेंढा शंभर पावलांवरून ओळखणारी धनगराची नजर या एका गुणापुढे थांबते. पूर्वी उपाय एकच होता : त्या मेंढ्याच्या पाटी, म्हणजे मादी कोकरं, वाढून विऊ लागेपर्यंत वाट पाहायची. थेट चाचणी आल्यावर रक्ताचा थेंब पुरू लागला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं या कामात डीएनए चाचणीची बाजू सांभाळली. ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन सहकार्य संस्थेनं पैसा दिला, आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठानं शास्त्रीय साथ दिली. त्याच विद्यापीठात नारीच्या डॉ. चंदा निंबकर यांनी दख्खनी मेंढीच्या याच सुधारणेवर पीएच.डी. केली. प्रबंध परदेशात सादर झाला, पण त्यातला प्रश्न फलटणच्या माळावरचा होता आणि उत्तरही तिथंच पडताळायचं होतं.

एका पिढीला किती वर्षं लागतात

गारोल आणि दख्खनीचा संकर केला की पहिल्या पिढीत जनुक येतो, पण बरोबर गारोलचं ठेंगणेपणही येतं. छोट्या चणीचं कोकरू बाजारात कमी भावानं जातं. मेंढपाळ ते कळपात ठेवणार नाही. म्हणून त्या संकरित मेंढ्या पुन्हा दख्खनी रक्ताशी जोडायच्या, पिल्लांची तपासणी करायची, जनुक असलेली राखायची आणि पुन्हा दख्खनीकडे न्यायची. दर फेरीला गारोलचा वाटा निम्मा होतो : अर्धा, चौथा, आठवा. शेवटी अंग दख्खनीचं राहतं आणि गारोलचा नेमका हवा तेवढाच गुण उरतो. या मेंढीचं नाव ‘नारी सुवर्णा’.

हे लिहायला चार ओळी लागल्या. करायला किती लागतं? मेंढी पाच महिने गाभण असते. पाट पहिल्यांदा विते ती साधारण दीड-दोन वर्षांची झाल्यावर. म्हणजे एका फेरीला दोन वर्षं धरली, तर तीन फेऱ्यांना सहा वर्षं. त्यानंतर जनुकाच्या दोन्ही प्रती असलेले मेंढे हवे असतील तर आणखी एक फेरी. त्यावर मेंढपाळांच्या कळपात नेऊन पाहण्याची वर्षं वेगळी.

आता आपल्या पदव्युत्तर शिक्षणाचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. एम.एस्सी. (ॲग्री) चार सत्रांची, दोन वर्षांची. त्यात निम्मा वेळ विषयांच्या अभ्यासात जातो. प्रबंधाचा विषय ठरायचा, प्रयोग मांडायचा, आकडे गोळा करायचे आणि पदवी घेऊन बाहेर पडायचं. इतक्या अवधीत मेंढीची एक पिढीही पुरी होत नाही. विद्यार्थी गेला की विषय संपतो. पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी नवा विषय घेतो. ग्रंथालयात प्रबंध वाढत जातात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. नारीला जे जमलं त्याचं पहिलं कारण हे, की तिथं प्रश्न एका विद्यार्थ्याच्या मुदतीला बांधलेला नव्हता.

मेंढपाळाच्या कळपात

संस्थेच्या गोठ्यात जुळी झाली, एवढ्यानं काम संपत नाही. खुराक, निवारा आणि डॉक्टर हाताशी असले की पुष्कळ गोष्टी जमतात. खरी परीक्षा चालत्या कळपात. म्हणून मेंढे मेंढपाळांकडे दिले गेले आणि तिथं वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या : कुठली मेंढी कधी व्याली, किती कोकरं झाली, किती जगली, विकताना वजन किती भरलं. या नोंदींतून दिसलं, की जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांना इतरांच्या मानानं शंभर वेतांमागे साधारण चाळीस-पन्नास कोकरं जास्त होतात. जुळ्यातलं कोकरू एकट्यापेक्षा लहान असतं, ते जगवायला जास्त लक्ष द्यावं लागतं, मेंढीला गाभणपणी आणि दुधावर असताना वरचा खुराक लागतो. तो खर्च वजा केल्यावरही मेंढपाळाच्या हाती काही उरतं का, हा या संशोधनाचा मूळ भाग होता. शेवटी जोडलेलं परिशिष्ट नव्हे. २००८ मध्ये पुण्यात या जनुकाच्या वापरावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली, तिथंही जनुकशास्त्राइतकीच चर्चा मेंढपाळाच्या नफ्यातोट्याची होती.

आणि इथंच उद्योजकतेचा प्रश्न उभा राहतो. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा आणला, तर त्याच्या सगळ्या पाटींना एक प्रत मिळते. त्या पाटींना गावातला साधा मेंढा दाखवला, तर त्यांच्या पिल्लांपैकी निम्म्यांतच जनुक उतरतो. पुढे तसंच चाललं की पुन्हा निम्मं. चार-सहा वर्षांत गुण पातळ होतो आणि मेंढपाळ म्हणतो, काही उपयोग झाला नाही. गुण टिकवायचा तर तपासलेला मेंढा दर काही वर्षांनी नव्यानं यायला हवा. तो कुठून येणार? कुणीतरी पैदाशीचा छोटा कळप राखला पाहिजे, पिल्लांचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं पाहिजे, कानातल्या बिल्ल्याप्रमाणे नोंद ठेवली पाहिजे, मेंढा फसला तर बदलून दिला पाहिजे. पशुपैदाशीत एम.एस्सी. किंवा एम.व्ही.एस्सी. केलेल्या तरुणासाठी हा गावातच उभा राहणारा व्यवसाय आहे. त्याची खरी विक्री मेंढ्याची नसते. मेंढ्यात काय आहे याच्या खात्रीची असते.

द्राक्षबागेतली खात्री

हीच गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांत वेगळ्या रूपात दिसते. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. माल दिसायला उत्तम होता. मणी, रंग, गोडी सगळं जागच्या जागी. दोष डोळ्यांना दिसत नव्हता, पण त्यानं अनेक बागायतदारांचं वर्ष बुडवलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. केलेल्या विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना जोडून याच सुमारास सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीचा तो प्रकल्प आज देशभर माहीत आहे. २०२२ मध्ये त्यात युरोपीय गुंतवणूकदारांनी तीनशे कोटींहून अधिक रुपये घातले. शीतगृहं आणि प्रक्रिया यंत्रं नजरेत भरतात, पण या उद्योगाचा पाया म्हणजे बागेनुसार नोंद, फवारणीचं वेळापत्रक आणि प्रयोगशाळेचा दाखला. घड कुठल्या प्लॉटमधला हे सांगता आलं, तरच तो विकतो.

मेंढ्याच्या रक्तातला जनुक आणि द्राक्षातला रसायनाचा अंश, दोन्ही अनुभवी नजरेच्या पलीकडचे आहेत. शेतकऱ्याच्या आणि धनगराच्या ज्ञानाची थोरवी यानं कमी होत नाही. दख्खनी मेंढी त्यांनीच घडवली. पण आजच्या बाजारात किंमत ठरवणारे कितीतरी गुण असे अदृश्य आहेत : बियाण्याची शुद्धता, दुधातली प्रतिजैविकं, मातीतला सेंद्रिय कर्ब, हळदीतलं कुरकुमिन. ते मोजणं, त्यांचा अर्थ सांगणं आणि सांगितलेल्याची जबाबदारी घेणं, हे काम उच्चशिक्षित माणसाचं. गावाला त्याची गरज तिथं आहे.

विद्यापीठांनी काय करावं

आपली कृषी विद्यापीठं ज्या कल्पनेवर उभी राहिली तिच्यात शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामं एकाच छताखाली होती. १९६० मध्ये पंतनगरला त्या धर्तीवरचं पहिलं विद्यापीठ झालं. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला, १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. त्यांनी वाणं दिली, अवजारं दिली, दरवर्षी ‘जॉइंट ॲग्रेस्को’ या संयुक्त बैठकीत शिफारशी मंजूर केल्या. राहुरीचं भगवा डाळिंब आणि दापोलीचा रत्ना आंबा शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतला. हे ऋण मोठं आहे. पण रोप एकदा हाती आलं की शेतकरी ते कलमानं स्वतः वाढवतो. जिथं दर वर्षी तपासणी, नोंद आणि सेवा लागते, तिथं शिफारस कागदावर थांबते, कारण ती पुढे नेणारा माणूस घडवलेला नसतो.

२००२ मध्ये केंद्र सरकारनं कृषी पदवीधरांसाठी ॲग्री क्लिनिक आणि ॲग्री बिझनेस सेंटरची योजना आणली. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या कृषी विस्तार संस्थेच्या देखरेखीखाली दीड महिन्याचं प्रशिक्षण, मग कर्ज आणि अनुदान. महाराष्ट्रातल्या तरुणांनी तिचा मोठ्या संख्येनं लाभ घेतला. योजना चांगलीच आहे. पण दीड महिन्यात प्रकल्प अहवाल लिहायला शिकता येतं. कळपाचा विश्वास मिळवायला वर्षं लागतात. ती वर्षं पदव्युत्तर शिक्षणाच्या आतच मिळायला हवीत.

त्यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. विभागानं एक प्रश्न दहा वर्षांसाठी घ्यावा आणि येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आधीच्याच्या प्रबंधाचं पुढचं पान लिहावं. प्रयोगाचे निम्मे आकडे प्रक्षेत्राबाहेरचे, शेतकऱ्याच्या शेतातले किंवा गोठ्यातले असावेत. प्रत्येक प्रबंधात एक प्रकरण खर्चाचं असावं, आणि ते तपासायला प्राध्यापकांबरोबर एक शेतकरी किंवा मेंढपाळ बसावा. ज्याला व्यवसाय करायचा आहे त्याला पदवीनंतर तीन वर्षं विद्यापीठाची प्रयोगशाळा सवलतीत वापरता यावी, म्हणजे तपासणीचा खर्च त्याला सुरुवातीलाच बुडवणार नाही.

दर वर्षी हजारो मुलं कृषी शाखेतून बाहेर पडतात. त्यांतली कितीतरी हुशार मुलं अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करत उमेदीची वर्षं घालवतात. त्यांना दोष देण्याचं कारण नाही. पगाराची खात्री ज्या एका वाटेवर दिसते तिकडे माणूस जाणारच. दुसरी वाट त्यांना नीट दाखवलीच गेलेली नाही. गावाला खात्री देणारा माणूस हवा आहे आणि त्या खात्रीची किंमत द्यायला गाव तयार आहे, हे नाशिकच्या बागायतदारांनी दाखवलं. पदव्युत्तर शिक्षणानं त्या माणसाला प्रयोगशाळेचं शास्त्र द्यावं, मेंढपाळाचा हिशेब शिकवावा आणि दोन्हींच्या मध्ये उभं राहण्याइतका वेळ द्यावा. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे, आणि ती देणं विद्यापीठांच्या हातात आहे.