सायकलआधी स्वतःचं माप घ्या

आपल्या हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर एकदा नजर टाका. कित्येक सायकलींच्या चाकात हवा नाही, चेनला गंज चढलाय. लोक म्हणतात, पोरं आळशी झाली. मला वाटतं, त्यातल्या बऱ्याच सायकली मालकाच्या मापाच्याच नाहीत!

हे मी अनुभवाने सांगते. बारावीनंतर मी हट्टाने गिअरची, पुढे-मागे शॉकअप असलेली सायकल घेतली. दुकानदार काका म्हणाले, "मोठीच घे ताई, रुबाबदार दिसते." सुट्टीत ती घेऊन मी आणि माझा मामेभाऊ शिरूरहून न्हावरा, पारगाव, चौफुला करत दौंडला निघालो. रस्ता बहुतेक सपाट. तरी पारगावला भीमेच्या पुलाशी पोचेपर्यंत माझ्या गुडघ्यामागची शीर बोंबलायला लागली. पुढचा प्रवास टेम्पोतून. दादा मात्र मामाच्या जुन्या काळ्या सायकलवर शीळ घालत दौंडला आला आणि म्हणाला, "अगं, सायकल मापाची घ्यायची, दिसायची नव्हे!"

मग मी जरा अभ्यास केला. (परीक्षेसाठी इतका केला असता तर!) तीन प्रश्न महत्त्वाचे.

पहिला प्रश्न : पाय केवढा? अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर धरा आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. पायडलच्या मधल्या अॅक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढं अंतर हवं. माझं माप ७४ सेंमी, म्हणजे सीट सुमारे ६५ सेंमीवर. माझ्या सायकलची फ्रेमच एवढी मोठी होती की सीट अगदी खाली केली तरी उंच पडायची. सीट उंच असली की कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि गुडघ्यामागे दुखतं. फार खाली असली की गुडघ्याच्या पुढे दुखतं. टेप नसेल तर टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला, तर सीट बरोबर आहे.

दुसरा प्रश्न : रस्ता कुठला? समजा साध्या सायकलला पुढे ४४ आणि फ्रीव्हीलला १८ दात आहेत. भागाकार २.४४. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर धरा २.२ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की ताशी १९ किलोमीटर! दौंडच्या सपाटीला एवढा एक गिअर पुरतो. दिवे घाट चढायचा असेल तर मात्र पुढे २८, मागे २८ असा हलका गिअर हवाच. तिथे एका फेरीत दोन मीटरच जातो, पण गुडघे शाबूत राहतात. डांबरी रस्त्यावर मागचा शॉकअप उलट नडतो, कारण उभं राहून जोर लावला की त्यातला काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. आणि आपल्याकडे बाभळीचे काटे! टायर जाड घ्या, सोबत ट्यूब आणि पंप ठेवा. उसाच्या हंगामात रात्री ट्रॉल्यांची रांग असते, तेव्हा मागे लाल दिवा लावाच.

तिसरा प्रश्न : मी खरंच कितपत चालवते? इथे एक गंमत सांगते. रेसिंग सायकलचे बुटाला अडकणारे पायडल बर्फावरच्या खेळातून आलेत. फ्रान्सची लूक ही कंपनी स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, बनवायची. तीच कल्पना तिने १९८४ मध्ये पायडलला लावली आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनो ते पायडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला. पडल्यावर स्कीचा खटका सुटला नाही तर पाय मोडू शकतो. म्हणून तो किती घट्ट ठेवायचा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही सावकाश घसरता की सुसाट, यावर ठरवतात. तिथे फुशारकी मारून "मी एक्स्पर्ट" म्हटलं, की खटका जास्त घट्ट बसतो आणि वेळेला सुटत नाही. पायडलचंही तसंच. शिकाऊ माणसाने साधे चपटे पायडल घ्यावेत. खटक्याचे घेतलेच, तर स्प्रिंग सैल ठेवावी आणि टाच बाहेर वळवून पाय सोडवायचा सराव आधी भिंतीला धरून करावा.

दुकानात सायकल बघण्याआधी स्वतःशी खरं बोला, एवढंच माझं म्हणणं. मी आता लहान फ्रेमची, शॉकअप नसलेली साधी सायकल चालवते आणि गुडघा गप्प आहे. आणि ती रुबाबदार सायकल? ती दादाने नेली. त्याची उंची सहा फूट आणि त्याच्या शेतापर्यंतचा रस्ता नुसता खड्ड्यांचा. त्याला ती बरोब्बर बसते!