भूल आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडातील रक्तप्रवाह

भूल दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाचे मज्जातंतू छेदले असता त्यातील रक्तप्रवाह वाढतो. यावरून, हे तंतू विश्रांतीतही रक्तवाहिन्यांना सतत आवळून धरीत असावेत, असे अनुमान निघे. रॉबर्ट बर्न यांनी १९५२ साली तंतुविरहित व अबाधित मूत्रपिंडांची तुलना केली. जागृत कुत्र्यात दोहोंत म्हणण्यासारखा भेद आढळला नाही. भूल दिल्यावर मात्र तो प्रकट झाला. ('भूल' शब्दाचा दुसरा अर्थही येथे अनायासे लागू पडतो!) भूल व शस्त्रक्रिया यांमुळे अनुकंपी तंतू उद्दीपित होऊन रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तंतुविरहित मूत्रपिंडास ही आज्ञा पोहोचतच नाही. केवळ रक्तदाब उतरल्याने हा भेद उलगडत नाही, कारण दोन्ही मूत्रपिंडांस रक्त एकाच महारोहिणीतून मिळते.