पाऊस पडला की बाईक सुरू होत नाही? प्लग बदलण्याआधी त्याची टोपी बघा

रात्रभर पाऊस झालेला असतो. सकाळी जालन्याहून अंबडला किंवा बदनापूरहून जालन्याला ड्युटीवर निघायचं असतं आणि अंगणात उभी असलेली बाईक काही केल्या सुरू होत नाही. किक मारून पाय भरून येतात. शेवटी गाडी ढकलत गॅरेजवर न्यावी लागते. मेकॅनिक प्लग काढतो, पुसतो, नवा बसवतो आणि गाडी एका किकमध्ये सुरू होते.

सगळे म्हणतात, प्लग गेला होता. पण पुढच्या पावसात पुन्हा तेच.

खरा प्रकार अनेकदा वेगळाच असतो. गाडी गॅरेजपर्यंत ढकलत नेईपर्यंत आणि प्लग बदलेपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. तेवढ्यात प्लगच्या टोपीत शिरलेलं पाणी वाळलेलं किंवा पुसलं गेलेलं असतं. म्हणजे जुना प्लग तसाच परत बसवला असता, तरी गाडी सुरू झाली असती. दोष असतो तो कॉईल आणि प्लग यांच्यामधल्या वीतभर वायरीत, नाहीतर तिच्या टोकाच्या रबरी टोपीत. आणि बदलला जातो भलताच पार्ट.

तर या वीतभर वायरीत असं काय असतं?

बाईकची बॅटरी असते 12 व्होल्टची. एवढ्या दाबावर हवेतून ठिणगी पडत नाही. प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण 0.6 ते 0.9 मिलिमीटर असते. उघड्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला वीजेला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. सिलिंडरच्या आत तर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलेलं असतं, त्यामुळे तिथे याच्या कितीतरी पट जास्त दाब लागतो.

हा दाब कॉईल तयार करते. तिच्यात तांब्याच्या तारेचे दोन गुंडाळे असतात, एक कमी वेढ्यांचा आणि दुसरा हजारो वेढ्यांचा. पहिल्यातला प्रवाह अचानक बदलला की दुसऱ्यात मोठा दाब उभा राहतो. बऱ्याच बाईकमध्ये सीडीआय नावाचा डबा आधी दोन-तीनशे व्होल्ट साठवतो आणि ते एका झटक्यात कॉईलमध्ये सोडतो. कॉईलमधून बाहेर पडतात 15 ते 25 हजार व्होल्ट. गॅरेजमध्ये ज्याला ‘करंट येतोय’ म्हणतात, तो हाच. इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल, तर चार-स्ट्रोक गाडीत निदान 50 ठिणग्या दर सेकंदाला पडाव्या लागतात.

आता हे 20 हजार व्होल्ट प्लगच्या फटीपर्यंत न्यायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. कारण एवढ्या दाबाची वीज सर्वात सोपा रस्ता शोधते. इंजिनची सगळी बॉडी म्हणजे तिच्यासाठी अर्थिंग. वायरीचं आवरण म्हणूनच इतकं जाड असतं. प्लगचा पांढरा भागही त्यासाठीच चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा असतो. त्यावर बऱ्याचदा गोल खाचा दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या वीजेचा रस्ता त्यामुळे लांबतो.

टोपीचं रबर उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होतं, त्याला चिरा पडतात. मराठवाड्यातला उन्हाळा सोसलेल्या गाडीला हे सांगायला नको. मग पहिल्याच पावसात त्या चिरांमधून पाणी आत जातं. नुसतं पाणी नाही, धूळ मिसळलेलं पाणी, जे वीज चांगली वाहतं. सिलिंडरच्या आतली फट ओलांडण्यापेक्षा ओल्या सिरॅमिकवरून दोनेक सेंटिमीटर खाली उतरून बॉडीत जाणं वीजेला सोपं पडतं. आत ठिणगी पडतच नाही. गाडी चालू असताना हे झालं, तर ती मिसिंग मारते, झटके देते. एकदा असा रस्ता पडला की तिथे काजळीची बारीक रेघ उमटते आणि पुढच्या वेळी वीज त्याच वाटेने जाते.

दुसरा दोष पावसाशी संबंधित नाही. बहुतेक बाईकची टोपी वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. आतला टोकदार स्क्रू वायरीच्या तांब्याच्या तारांमध्ये घुसतो. प्लग काढताना टोपीला न धरता वायरीला धरून ओढलं की ही पकड सैल होते. तारा हिरवट पडतात. इलाज फार सोपा आहे: टोपी उलटी फिरवून काढायची, वायरीचं टोक पाच-सहा मिलिमीटर कापायचं आणि ताज्या तांब्यात टोपी पुन्हा फिरवून बसवायची. कॉईल नवी घेण्याआधी एवढं करून बघायला काय हरकत आहे?

टोपीच्या आत आणखी एक गोष्ट लपलेली असते, एक छोटा रेझिस्टर. अनेक टोप्यांमध्ये तो 5 किलोओहमचा असतो. ठिणगी पडताना रेडिओ लहरीही निघतात. पूर्वी त्याने रेडिओत खरखर यायची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि बहुतेक बाईक फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. आता याच लहरी गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरलाही गोंधळात टाकू शकतात. त्यामुळे ‘रेझिस्टर नसलेली टोपी लावा, करंट जास्त येतो’ हा सल्ला ऐकू नये. रेझिस्टर जळाला असेल, तर मल्टिमीटरवर लगेच कळतं.

ठिणगी बाहेर दिसली म्हणजे सगळं ठीक, हाही असाच एक गैरसमज. प्लग बॉडीला धरून किक मारली की निळी ठिणगी दिसते, पण ती उघड्या हवेतली. आतल्या दाबाखाली तीच टिकेल याची खात्री नाही. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. प्लग तिथेच जवळ धरला तर भडका उडू शकतो. टोपी हवेत लोंबकळत ठेवून किक मारणंही वाईट, कारण वीजेला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ती कॉईलच्या आतलं आवरण फोडते.

गळती शोधायची जुनी युक्ती जास्त कामाची आहे. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून वायर आणि टोपीकडे लांबून बघायचं, हवं तर बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारायचा. गळती असेल तिथे निळसर रेघ नाचताना दिसते. हात मात्र लावायचा नाही. आणि हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने या भानगडीत पडूच नये. सापडलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे घरी पोचण्यापुरती सोय, 20 हजार व्होल्ट ती फार दिवस अडवत नाही.

दोन प्लगच्या गाड्यांमध्ये हा दोष आणखी लपतो. शेजारच्या वाळूजमध्ये 1985 पासून ज्या बजाज ऑटोचा कारखाना आहे, त्या कंपनीने 2003 मध्ये पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग देणारं डीटीएस-आय तंत्र आणलं. एका बाजूची टोपी सैल झाली तरी दुसऱ्या प्लगवर गाडी चालत राहते. फक्त ओढ कमी होते आणि मायलेज घसरतं. मग महिनोन्‌महिने कार्बोरेटरला दोष दिला जातो.

चारचाकीत आता लांब वायरी जवळपास गेल्यातच जमा आहेत. प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच एक कॉईल बसते, मध्ये फक्त एक स्प्रिंग आणि रबरी नळी. पण ती नळी चिरली की गोष्ट तीच.

जालना जिल्ह्यात मात्र हे सगळं सर्वात जास्त महागात पडतं ते रस्त्यावर नाही, तर शेतात. मोसंबीच्या बागेत फवारणीसाठी वापरला जाणारा पेट्रोलचा पाठीवरचा पंपही याच ठिणगीवर चालतो. त्यात बॅटरी नसते. फिरणाऱ्या चाकातल्या लोहचुंबकामुळे कॉईलमध्ये वीज तयार होते आणि प्लगची वायर बहुतेकदा कॉईलमध्येच पक्की बसवलेली असते. म्हणून शेडमध्ये ठेवलेल्या पंपाची वायर उंदराने कुरतडली, तर बऱ्याचदा अख्खी कॉईल बदलावी लागते.

पण तिथेही आधी एक गोष्ट तपासता येते. पंप बंद करायचं बटण कॉईलची वीज थेट बॉडीत सोडून देतं, त्यामुळेच इंजिन थांबतं. त्या बटणाची बारीक वायर कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर पंपाच्या दृष्टीने बटण कायमचं दाबलेलं राहतं. दोरी कितीही ओढा, तो सुरू होणार नाही. ती वायर क्षणभर सोडवून बघायची. ठिणगी आली, तर कॉईल शाबूत आहे. मग पंप बंद करण्यापुरती ती वायर नीट झाकून परत जोडायला विसरायचं नाही.